बुरशी पाळणारी बाई

माझ्या नर्सरीत आलेलं गिऱ्हाईक आधी रोपाकडं बघत नाही. ट्रे उचलतं आणि त्यात नाक खुपसतं. समोर टोमॅटोची रोपं शाळेतल्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी सरळ उभी असतात, देठ जांभळट, पानं तकतकीत. पण ह्याला त्याचं काही नाही. ह्याला हवा असतो वास. घशात बसणारा, डोळ्यांत पाणी आणणारा, औषधाचा वास. तो आला नाही की ट्रे खाली ठेवायचा, मिशीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचं, "आजी, काई मारल्यालं दिसत न्हाई."

अरे बाबा, मारायचं कशाला? रोपं जगवायला आणलीत ना?

जिल्ह्याचं नाव बदललं, अकोले-राजूर रस्त्याचं डांबर बदललं, माझे दात बदलले. हे वाक्य काही बदललं नाही. नर्सरी आता माझी सून सुवर्णा बघते. माझ्याकडं दोन कामं उरलीत, पाणी घालणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवणं आणि गिऱ्हाइकाला टोमणे मारणं. दुसरं मी मन लावून करते. दिवाळीच्या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा सुवर्णा म्हणाली, "आई, सणासुदीचं गोड काहीतरी लिवा." गोड हवं असेल त्यानं करंजी खावी. माझ्या पोटात जे खदखदतंय तेच मी लिहिणार.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा सांगायचा तर असा. शेतकरी बियाण्याची पुडी आणून देतो. आम्ही नारळाच्या भुशानं भरलेल्या ट्रेमध्ये एका खळग्यात एक बी पेरतो, ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळतो, कोंब दिसला की शेडनेटखाली पसरतो आणि महिन्याभरात रोपं त्याच्या हवाली करतो. बियाणं त्याचं, बाळंतपण आमचं.

आता ह्यात अडतं कुठं? उगवून थोडे दिवस झालेले असतात. हवा ढगाळ, भुसा ओला. भुशालगतचा देठ आधी पाणचट होतो, मग सुतासारखा बारीक, आणि रोप आडवं. काल उभी बघितलेली रोपं आज कोणी हात फिरवून झोपवल्यासारखी. पुस्तकात ह्याला रोपं कोलमडणं म्हणतात. आम्ही म्हणतो, रोपानं मान टाकली. एकदा टाकली की ब्रह्मदेव आला तरी वर होत नाही.

हे पाप ओल्या मातीत राहणारी एक जात करते. दिसायला बुरशी, वागायला बुरशी, पण शास्त्रवाले सांगतात की तिचं कूळ वेगळं. कुळाची ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण सगळं रामायण तिथून झालं. तर हिच्यावर राखणदार म्हणून आम्ही दुसरी एक बुरशी ठेवतो, अस्सल कुळातली. ट्रायकोडर्मा. गावात ट्रायको. ती रोपाला काही करत नाही. मुळांपाशी संसार मांडते, वाईट जातीचं खाणं खाते, जागा अडवते, आणि सापडली तर तिलाच वेटोळं घालून फस्त करते. मात्र ती जिवंत असते. पुडीत भुकटी दिसते म्हणून भुकटी समजायचं नाही. तिला कडक ऊन सोसत नाही, आणि बाजारातली कित्येक औषधं तर अजिबात सोसत नाहीत.

तिला वाढवायचीही रीत आहे. चांगलं कुजलेलं शेणखत घ्यायचं, त्यात ट्रायको आणि थोडं गुळाचं पाणी कालवायचं, आणि सावलीत ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायचं. काही दिवसांनी गोणपाट उचललं की खतावर आधी पांढरी साय दिसते, मग तिची हिरवी मखमल होते. ते खत पेरणीआधी भुशात मिसळायचं. त्या हिरव्याइतका गोजिरा रंग मी पैठणीच्या काठातही बघितलेला नाही.

हे आता मी कीर्तनकारासारखं सांगतेय, पण तरुणपणीची मी तुम्हाला भेटले असते तर तुम्ही रस्ता बदलला असता. तेव्हा आम्ही घरच्या रानापुरतीच रोपं करायचो. मी एका प्रशिक्षणाला गेले आणि ट्रायकोची पुडी व भलताच रुबाब घेऊन परत आले. शिंप्याकडून पांढरा कोट शिवून घेतला, डॉक्टरणीसारखा. खिशाला पेन. सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "आता कुनाचं पोट फाडाया निगालीस?"

मी उत्तर दिलं नाही. शास्त्र जाणणारी माणसं अशा प्रश्नांना उत्तरं देत नसतात.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, पाणी स्वच्छ पाहिजे. स्वच्छ म्हणजे उकळलेलं, ही भर माझी. चुलीवर हंडा चढवला, पाण्याला आधण आलं आणि त्या खदखदत्या पाण्यात मी अख्खी पुडी सोडली. सासूबाईंनी वाकून बघितलं.

"काढा कुनाला गं? रोपास्नी पडसं झालंय व्हय?"

तो काढा गार करून मी रोपांना पाजला. रोपांनी माना टाकल्या. मग मी गप्प बसावं ना? छे! बचत गटात, लग्नाच्या मांडवात, दळणाच्या रांगेत सांगत सुटले, की ट्रायको म्हणजे शुद्ध थोतांड, मी स्वतः प्रयोग केलाय. कोट घालून सांगायचे, म्हणजे खरं वाटावं. आपण बुरशीला जिवंत उकडलं हे कळायला मला पुढचं प्रशिक्षण उजाडावं लागलं. तिथं पोरसवदा शिक्षक म्हणाला, पाणी गार घ्या, आणि मी मागच्या बाकावर कोटाचा खिसा चाचपत बसले.

पण माझ्या बाजूनं एक सांगू द्या. माझ्या मूर्खपणात मेली ती माझी रोपं. मी दुसऱ्याच्या ट्रेला हात लावला नव्हता.

हे बोट पोपटरावकडं आहे.

पोपटराव म्हणजे विमलचा धाकटा दीर. विमल आमच्या शेजारच्या गावची. नवरा शिर्डीला एका हॉटेलात वॉचमन, सुट्टीला तेवढा घरी येतो, म्हणून शेतीचा सगळा कारभार पोपटरावच्या हातात. त्यांच्या विहिरीजवळ एक तुकडा आहे. सगळ्या रानासारखा त्यातही पोपटराव दर पावसाळ्यात मका टाकतो. गेल्या साली विमलनं हट्ट धरला, की ह्या तुकड्यात मी टोमॅटो करणार. घरात महाभारत झालं. शेवटी नवरा म्हणाला, करू दे एक साल. जमलं तर तुकडा तिनं बघायचा. नाही जमलं तर मका, आणि पुन्हा हा विषय घरात निघायचा नाही.

बियाण्याची पुडी माझ्या हातात देताना विमलनं हे सगळं सांगितलं.

"मावशी, ही रोपं गेली तर माझं रान गेलं बघा."

"सातबाऱ्यावर कुनाचं नाव हाय?"

"नाव कुनाचं का असंना. त्यात काय पेरायचं ह्ये एकदा मला ठरवायचंय. लगीन हून आल्यापासनं मी निस्तं खुरपतीय."

मी पुडी कमरेला खोचली. म्हटलं, "जा. रानात लावणीला मातीचं बेड वढून ठेव."

रोपं झकास उगवली. ट्रेच्या रांगेला विमलच्या नावाची चिठ्ठी लावली. आमच्याकडं पद्धत अशी, की आश्रमशाळेत पोराला भेटायला यावं तसं गिऱ्हाईक अधूनमधून आपली रोपं बघून जातं. बियाणं त्याचं, म्हणून ट्रेही त्याचेच असं तो धरून चालतो, आणि आम्ही त्याला अडवत नाही. तसा एके दिवशी पोपटराव आला. मी राजूरला साखरपुड्याला गेले होते. सुवर्णा पलीकडं टेम्पो भरून देण्यात गुंतलेली. तिनं लांबून बघितलं की विमलचा दीर आहे, बादली घेऊन रोपांत फिरतोय. तिला वाटलं, माणूस पाणी घालतोय, बिचारा.

पुढं झड लागली. सूर्य नाही, वारं नाही, नुसती चिकचिक. आणि एके सकाळी सुवर्णा चुलीपाशी आली.

"आई, विमलताईंच्या रोपांनी माना टाकल्या. त्यांच्याच निस्त्या. बाकीची उभी हायेत."

मी जाऊन बघितलं आणि तिथंच बसले. इतक्या वर्षांत माझ्या नर्सरीत रोपं मेली नाहीत असं नाही. उंदरांनी खाल्ली, गारांनी झोडली. पण एकाच माणसाची रांग झोपावी आणि हाताच्या अंतरावरच्या दुसऱ्या रांगेनं हसत उभं राहावं, हे मी बघितलं नव्हतं. खत तेच, भुसा तोच, पाणी तेच. विमलला फोन करायला सुवर्णानं नंबर लावून दिला. मी एवढंच म्हटलं, "ये गं बाई."

ती आली, आणि मोटारसायकलवर पुढं पोपटराव. विमल रोपांपाशी खाली बसली. पोपटराव बसला नाही. तो सरळ सावलीत झाकलेल्या माझ्या खताकडं गेला, गोणपाट फर्रकन ओढलं, मोबाईल काढला आणि बोलायला लागला, "ह्ये बघा मंडळी! ही हिरवी बुरशी. ही बाई नर्सरीत बुरशी पाळतीया, बुरशी! आनि ही आमची मेल्याली रोपं. शेतकरी बांधवांनो, सावध!" आणि तिथल्या तिथं, माझ्याच शेडनेटखाली उभं राहून त्यानं तो व्हिडिओ टाकला. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर, गावच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा.

माझ्या अंगाची लाही झाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात विमल म्हणाली, "मावशी, ह्यो ट्रे निम्माच कसा गेला?"

रांगेतला शेवटचा ट्रे. अर्ध्यावर रेघ मारावी तशी अलीकडची रोपं आडवी, पलीकडची ताठ उभी. मी चष्मा पुसून बघितलं. कसली बुरशी अशी फूटपट्टी लावून मारते?

"तितं औषध सरलं," पोपटराव सहज म्हणाला.

मी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडं वळले.

"कोनतं औषध, भावजी?" विमलनं मान वर न करता विचारलं.

"आगं वहिनी, चांगल्यासाठीच की. त्या दिवशी आल्तो, मावशी नव्हत्या. ट्रेला औषधाचा वासच न्हाई. गोणपाट उचाकलं तर खाली ही हिरवीगार बुरशी! म्हनलं आपल्या घरची रोपं हायेत. दुकानातनं बुरशीची पावडर आनली. जरा दाटच केली, म्हनलं पुन्हा झंझट नको. शेवटाला थोडी कमी पडली एवढंच."

"मला सांगितलं का न्हाई?" मी म्हटलं.

"तुमी नव्हता."

"मी साखरपुड्याला गेल्ते, मसनात न्हाई. दुसऱ्या दिवशी आल्ते माघारी."

तो हसला. हसला! मग त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. त्यानं आणलेली पांढरी पावडर अस्सल बुरशीवर जालीम चालते. पण रोपांना मान टाकायला लावणारी जी जात आहे, तिचं कूळ वेगळं, हे मघाशी म्हटलं ना? तिला ह्या पावडरीनं शिंकसुद्धा येत नाही. माझी ट्रायको मात्र अस्सल कुळातली. ती बिचारी पहिल्या बादलीतच गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण म्हणतो. इथं चोराला सोडून राखणदाराला फाशी दिली, आणि वर चोराला कडी काढून दिली.

"पन मावशी," पोपटराव म्हणाला, "पुडीवर बुरशीनाशक लिवल्यालं हुतं."

"व्हय. मंग तिनं बुरशीच मारली. माझी."

तुम्ही म्हणाल, दुकानदारानं सांगितलं म्हणून त्यानं टाकलं. त्या दुकानदाराची कथा आणखीन न्यारी. त्याच्या काचेच्या कपाटात ट्रायकोच्या पुड्या भर उन्हात पापडासारख्या वाळत असतात. त्याच्या शेजारी ही पावडर. आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, दोन्ही एकाच बादलीत कालवा, डबल काम! म्हणजे दुधात लिंबू पिळा आणि दुप्पट दूध प्या. मी औषधांची वैरीण नाही. गरज पडली तर मीही मारते, बघून, विचारून, मापात. पण आमच्याकडं औषध मारणं ही पुरुषाची मर्दुमकी होऊन बसली आहे. खुरपणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही, पंप पाठीला लावलेल्याला सगळे विचारतात.

पोपटरावचं एवढ्यावर भागलं नाही. मेलेल्या रोपांकडं बघून तो वहिनीला धीर देत म्हणाला, "जाऊं द्या वहिनी. मका टाकाया आजून येळ हाय."

विमल रडली नाही. तिनं मेलेलं एक रोप चिमटीत धरलं होतं, ते खाली ठेवलं आणि पदरानं बोटं पुसली. तिचा चेहरा मी बघितला आणि माझ्या सगळ्या म्हातारपणाला आग लागली. पण आगीनं रोपं उगवत नाहीत. नव्यानं पेरायचं तर महिना जाणार, आणि महिन्यानं पोपटरावचा मका त्या तुकड्यात गुडघ्याएवढा उभा असणार.

तेवढ्यात फोन वाजायला लागले. व्हिडिओ पोचला होता. पहिला फोन तिसगावला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचा. जिल्ह्याचं ते दुसरं टोक, तिथवर गेला मेला! "अक्का, तू बुरशी पाळायलीस म्हणं? आमच्या इथं समदे इचारायलेत." तिला गप्प केलं तोवर दुसरा फोन. आमच्याच रस्त्याचा एक बागायतदार. विमलच्या शेजारची टोमॅटोची रांग त्याची. लावणीला आलेली, एकूण एक रोप ताठ. त्याला मी ऐकताक्षणी ओळखते, कारण तो आवाज चढवल्याशिवाय 'हॅलो'सुद्धा म्हणत नाही. सुवर्णानं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"आजी, आमची रोपं न्यायची न्हाईत आमाला!"

"का बरं?"

"व्हिडिओ बघितला. बुरशी सगळी!"

"अहो, येऊन तर बघा. पोरीसारखी नटून उभी हायेत."

"न्हाई म्हनलं ना एकदा!"

"बियानं तुमचं हाय, साहेब. मग रोपांचं काय करू?"

"फेका!"

"फेकू? नक्की?"

"फेका, फेका! आमच्या रानात बुरशी नको!"

फोन ठेवला. मी विमलकडं बघितलं. सुवर्णाला हसू आवरेना, तिनं तोंडावर पदर धरला.

"ऐकलंस का, विमल?" मी म्हटलं. "फेकायचीत म्हनं. लांब कुठं फेकत बसू? तुज्या विहिरीपशी जागा हाय का?"

विमलला समजायला एक क्षण लागला. मग ती उठली आणि तिनं साडी खोचली. पोपटराव मोटारसायकलच्या किल्लीशी खेळत होता. त्याला म्हटलं, "पोपटराव, बादली धरता येती तसा ट्रेबी धरता येत आसंल. चला, लागा." टेम्पोत ट्रे त्यानं चढवले. खुशीनं नव्हे. पण चढवले.

त्या संध्याकाळी लावण झाली. पुढं विमलनं काय कष्ट घेतले ते मी लिहीत नाही. बाईनं कष्ट घेतले ही काय बातमी आहे? टोमॅटो लागला. असा लागला, की रस्त्यानं जाणारी माणसं गाडी थांबवून बघायची. आणि त्यांना बांधावर उभं राहून माहिती कोण द्यायचं? पोपटराव! "येळंत औषध मारलं म्हनून वाचला प्लॉट," असं तो सांगायचा. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. एकदा तोच बागायतदार थांबला. पोपटरावनं तोंड उघडायच्या आत, तोडणी करता करताच विमल म्हणाली, "काका, तुमीच फेकल्याली रोपं हायेत ही." तो नंतर माझ्याकडं भांडायला आला, की मला विचारल्याबिगर माझी रोपं दिलीच कशी. पण तो व्हिडिओ खोटा होता, असं चार लोकांत सांगायला आला नाही.

पोपटरावला मी म्हटलं, दुसरा व्हिडिओ काढ. माझ्या खताशेजारी उभा राहा, त्या हिरव्यात हात घाल आणि काय झालं ते सांग. तर म्हणतो, "जाऊं द्या ना मावशी. झालं ते चांगलंच झालं की." ह्या वाक्यानं माझी झोप उडते. चांगलं झालं ते ह्याच्यामुळं नाही, ह्याला न जुमानता झालं. अजून अधूनमधून कोणी नवं गिऱ्हाईक मोबाईल पुढं करून विचारतं, "ही तुमीच का, बुरशी पाळनाऱ्या?" पूर्वी मी समजावून सांगत बसायचे. आता म्हणते, "व्हय, मीच. आनि तू काय पाळतोस?"

ह्या पावसाळ्याच्या तोंडावर विमलनं मला रान बघायला बोलावलं. सुट्टीला आलेला तिचा नवरा विहिरीपाशी पाइपाचा सांधा जोडत बसला होता. घरात टोमॅटो की मका हा विषयच निघाला नाही म्हणे. ट्रॅक्टरवर पोपटराव. विमल बांधावर उभी राहून हातानं दाखवत होती, बेड कुठून कुठवर ओढायचे ते. तुकडा संपला तिथं ट्रॅक्टर थांबला.

"हितवर ना, वहिनी?"

विमलनं हात पुढं केला, पलीकडच्या पट्ट्याकडं.

"आजून पुढं."

"तितं तर मका आसतो, वहिनी."

पोपटरावनं भावाकडं बघितलं. भाऊ सांध्याला चिंधी गुंडाळत राहिला.

"आसायचा," विमल म्हणाली. "चला पुढं."